ॲटिकमधले डक्ट: अमेरिकेतल्या मराठी घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

टेक्सास, ॲरिझोना, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना इथल्या बऱ्याच घरांना तळघर नसतं. त्यामुळे एसीचा एअर हँडलर (हवा थंड करून घरात ढकलणारं मशीन) आणि सगळे डक्ट, म्हणजे हवा नेणारे पाइप, थेट ॲटिकमध्ये, छपराखालच्या पोकळीत, जातात. न्यू जर्सी किंवा शिकागोकडे तळघर असतं, तरी दुमजली घराचं दुसरं युनिट पुष्कळदा वरतीच असतं. घर घेताना आपण शाळा पाहतो, किचन पाहतो, बॅकयार्ड पाहतो. ॲटिकची शिडी चढून डक्ट पाहणारे थोडेच. उन्हाळ्याची बिलं यायला लागली की हे प्रश्न सुरू होतात.

वरची खोली काही केल्या थंड होत नाही. मोठा एसी बसवू का?

इतक्यात नको. एसी तीन टनांचा असेल तर त्याला साधारण मिनिटाला १२०० घनफूट हवा हलवावी लागते, कारण ठोकताळा टनाला ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) असा आहे. दमट भागात तो ३५० च्या आसपास ठेवतात. चार टनांचं युनिट आणलं की तेच १६०० सीएफएम झाले. डक्ट मात्र जुनेच, तीन टनांसाठी टाकलेले, आणि कदाचित तेव्हाही अपुरेच. त्यांतून जास्तीची हवा जाणार कशी? ब्लोअर ताण घेतो, आवाज वाढतो, जवळच्या खोल्या पटकन गारठतात आणि थर्मोस्टॅट मशीन बंद करतो. लांबची खोली तशीच उकडत राहते. मशीन थोडा थोडा वेळच चालल्यामुळे ह्यूस्टनसारख्या ठिकाणी हवेतला दमटपणाही नीट निघत नाही.

आधी एक सोपी तपासणी करा. त्या खोलीचं दार दोन तास उघडं ठेवून एसी चालवा, मग दोन तास बंद ठेवून चालवा. दार उघडं असताना खोली बरी होत असेल, तर हवा आत येते आहे, पण तिला परतीची वाट नाही. बेडरूममध्ये स्वतंत्र रिटर्न, म्हणजे हवा मशीनकडे परत नेणारा डक्ट, नसला आणि दाराखालची फटही अरुंद असली, तर खोलीत दाब साठतो आणि येणारी हवा कमी होते. भारतातून आई-बाबा येतात, वरच्या खोलीत दार लावून झोपतात आणि सकाळी "रात्रभर उकडलं" म्हणतात, त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं. दारावर ट्रान्सफर ग्रिल (हवा जाऊ देणारी जाळी) बसवून किंवा ॲटिकमधून पॅसेजपर्यंत छोटा जंपर डक्ट टाकून हे सुटतं. खर्च नव्या एसीच्या तुलनेत अगदी किरकोळ.

ॲटिकमध्ये डक्ट असल्याने खरंच इतका फरक पडतो का?

पडतो, आणि हिशेब एकदा स्वतः करून पाहावा असा आहे. टेक्सासच्या उन्हाळ्यात दुपारी ॲटिक १४० अंश फॅरनहाइटपर्यंत तापतं. एअर हँडलरमधून निघणारी हवा ५५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे डक्टच्या आत आणि बाहेर ८५ अंशांचा फरक. खालच्या खोलीत ७५ अंश धरले, तर सीलिंगच्या वर-खाली ६५ अंशांचाच फरक असतो. तरी सीलिंगवर आर-३८ इन्सुलेशन, आणि डक्टवर आर-६ किंवा आर-८! (आर हा उष्णता अडवण्याचा आकडा, मोठा तितका चांगला.) घरातली सगळ्यात गार हवा घराच्या सगळ्यात तापलेल्या जागेत, सगळ्यात पातळ आवरणात ठेवलेली असते.

आकड्यांत सांगायचं तर सीलिंगच्या दर चौरस फुटातून तासाला सुमारे १.७ बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता आत येते. आर-६ डक्टच्या दर चौरस फुटातून सुमारे १४, म्हणजे आठपटीहून जास्त. डक्टचा एकूण पृष्ठभाग ३०० चौरस फूट धरला, तर तासाला ४२५० बीटीयू केवळ डक्टच्या भिंतींतून आत शिरतात. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, तेव्हा एक तृतीयांश टनाहून जास्त कूलिंग वाटेतच संपलं. बऱ्याच जुन्या घरांत आर-४.२ चे डक्ट असतात. तिथे हाच आकडा अर्ध्या टनावर जातो. हिशेब ढोबळ आहे, तापमान दिवसभर एवढं राहत नाही. पण नेमकी ज्या दुपारी एसीची सर्वाधिक गरज असते, त्या दुपारचा हा हिशेब आहे. आणि यात गळती अजून धरलेलीच नाही.

गळती आधी काढायची की इन्सुलेशन आधी वाढवायचं?

गळती. यात दुसरं मत नको.

अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या अंदाजानुसार सामान्य घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटी, भोकं आणि सुटलेले जोड यांतून वाया जाते. इन्सुलेशन हवा अडवत नाही. गळक्या जोडावर फायबरग्लास गुंडाळलं तर हवा त्यातून गाळून बाहेर पडते, आणि पुढे तो जोड झाकला गेल्यामुळे कोणाला दिसतही नाही. आवरण काढलंत आणि आतलं फायबरग्लास काळं पडलेलं दिसलं, तर तिथूनच हवा जात होती हे समजा. त्यात अडकलेली धूळ तेवढी मागे राहिलेली असते.

सप्लायची, म्हणजे खोल्यांकडे थंड हवा नेणाऱ्या डक्टची, गळती आणि रिटर्नची गळती यांचे त्रास वेगळे. सप्लाय गळला की तुम्ही पैसे देऊन थंड केलेली हवा ॲटिकला मिळते. शिवाय तेवढी हवा घरातून कमी झाल्यामुळे घर बाहेरची गरम, दमट हवा दारं-खिडक्यांच्या फटींतून ओढून घेतं. रिटर्न गळला की १४० अंशांची हवा, धूळ आणि इन्सुलेशनचे तंतू थेट मशीनमध्ये खेचले जातात. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर रिटर्नकडे आधी बघा.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. घरात साध्या चिमणीचा गॅस वॉटर हीटर असेल आणि डक्टच्या गळतीमुळे घरात उणा दाब तयार होत असेल, तर जळलेला वायू चिमणीतून वर जाण्याऐवजी घरात उलटा येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवाच. डक्टचं काम झाल्यावर कॉन्ट्रॅक्टरकडून चिमणीचा ओढा तपासून घ्यायचा, तोही न विसरता.

गळती नेमकी कुठे असते? आणि किती आहे हे कसं कळतं?

लांब सरळ पाइपात ती क्वचितच असते. बघायच्या जागा ठरलेल्या: एअर हँडलर आणि प्लेनम (त्याला जोडलेली हवेची मोठी पेटी) यांचा जोड, प्लेनममधून फाटे निघतात त्या कॉलरी, वाय-जोड, आणि सीलिंगपाशी येणारे पत्र्याचे बूट, म्हणजे डक्टच्या टोकाचे डबे. बूट आणि ड्रायवॉल यांच्यामधली फट रजिस्टरच्या (खोलीत हवा सोडणाऱ्या तोंडाच्या) जाळीखाली लपते. जाळीचे दोन स्क्रू काढा, टॉर्च मारा, लगेच दिसेल. जुन्या घरांत भिंतीची किंवा फ्लोअर जॉइस्टची (मजल्याच्या तुळयांमधली) पोकळीच रिटर्न म्हणून वापरलेली असते. ती बहुधा सगळीकडून गळते.

मोजणीसाठी सगळी रजिस्टरं झाकून एका कॅलिब्रेट केलेल्या पंख्याने डक्टमध्ये २५ पास्कल दाब तयार करतात आणि तो टिकवायला किती हवा लागते ते बघतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संहितेच्या २०१२ च्या आवृत्तीपासून नव्या घरांसाठी मर्यादा आहे दर १०० चौरस फुटांना ४ सीएफएम. २४०० चौरस फुटांच्या घराला ९६ सीएफएम. राज्य आणि शहर कोणती आवृत्ती लावतं त्यावर नियम बदलतो, पण जुन्या घरालाही लक्ष्य म्हणून हा आकडा चांगला. कामाआधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही मोजण्या कागदावर मागा. "सगळं सील केलं" या तोंडी शब्दावर चेक फाडू नका.

घरात डक्ट टेप पडली आहे, ती चालेल?

नाही. कापडी, रबरी गोंदाची राखाडी टेप डक्टवर टिकत नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये निरनिराळ्या टेप आणि सीलंट गरम-थंड करून तपासले, त्यात हीच टेप सगळ्यात वाईट ठरली. वापरायचं ते मॅस्टिक, म्हणजे ब्रशने लावायचं घट्ट लेपासारखं सीलंट. लेप साधारण निकेलच्या (पाच सेंटच्या) नाण्याइतका जाड हवा. पाव इंचापेक्षा मोठी फट असेल तर आधी फायबरग्लासची जाळी लावा, मग वर मॅस्टिक. ॲल्युमिनियम फॉइलची टेपही चालते, मात्र तिच्यावर यूएल १८१ या डक्टसाठीच्या मानकाची खूण छापलेली हवी आणि ती पुसून कोरड्या केलेल्या पत्र्यावर लावायला हवी. ॲटिकमधल्या धुळीवर कोणतीच टेप चिकटत नाही.

हात पोचत नाही अशा डक्टसाठी आतून सील करण्याची पद्धत आहे. सीलंटचे बारीक कण हवेबरोबर डक्टमध्ये सोडतात आणि ते फटींच्या काठांवर साचत जातात. एरोसील हे तिचं प्रचलित नाव. तीही बर्कलीच्याच प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात विकसित झाली. बारीक फटींना उत्तम. सुटून पडलेल्या जोडाला तिचा उपयोग नाही, तो आधी हातानेच जोडावा लागतो.

पत्र्याचे डक्ट, फायबरग्लास बोर्ड की फ्लेक्स?

पत्रा आतून गुळगुळीत, हवेला अडथळा सर्वांत कमी, आयुष्य सर्वांत जास्त. मजुरी महाग, प्रत्येक जोड सील करायचा आणि बाहेरून इन्सुलेशन वेगळं गुंडाळायचं. फायबरग्लास बोर्डमध्ये इन्सुलेशन अंगचंच असतं आणि आवाज कमी होतो. टेक्सासमध्ये प्लेनम आणि मोठे ट्रंक (मुख्य डक्ट) याचेच दिसतात. पण एकदा भिजला की तो बदलणंच बरं, बुरशी धरलेला बोर्ड साफ होत नाही.

फ्लेक्स म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर प्लास्टिकचा आतला पाइप, त्याभोवती फायबरग्लास, त्यावर बाहेरचं आवरण. स्वस्त आणि बसवायला झटपट, म्हणून सगळीकडे तोच. त्याला सरसकट नावं ठेवणारे कॉन्ट्रॅक्टर भेटतात, ते मला पटत नाही. ताणून, आधार देऊन, योग्य मापाचा टाकलेला फ्लेक्स चांगलं काम करतो. तसा टाकलेला सापडणं मात्र अवघड.

मला विचाराल तर मुख्य ट्रंक पत्र्याचा किंवा बोर्डचा, आणि शेवटचे फाटे आखूड फ्लेक्सचे. एकाच प्लेनममधून दहा-बारा फ्लेक्स अस्ताव्यस्त पसरलेले असतील तर लांबच्या खोल्यांना हवा कमीच पडणार.

आवरणाचा रंगही बघून घ्या. चंदेरी आवरण तापलेल्या छपराची उष्णता कमी शोषतं, म्हणून गरम ॲटिकमध्ये तेच घ्यावं. १९८० च्या दशकातल्या काही राखाडी आवरणांचा ॲटिकच्या व्हेंटमधून येणाऱ्या उजेडानेच चुरा झालेला आढळतो. हात लावताच कागदासारखं फाटत असेल तर दुरुस्तीत पैसे घालू नका, तो डक्ट बदला.

फ्लेक्स नीट बसवला आहे की नाही, हे मला कसं कळणार?

शिडीवर चढा आणि बघा. यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही.

दर ४ फुटांवर आधार हवा, आणि तो पट्टा निदान दीड इंच रुंद. बारीक तारेने किंवा दोरीने आवळलेला डक्ट तिथेच चिंबतो. दोन आधारांमध्ये झोळ पडला तर फुटाला अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. वळण घेताना वळणाची त्रिज्या निदान डक्टच्या व्यासाइतकी हवी. ट्रसच्या लाकडात कोंबून काटकोनात मोडलेला फ्लेक्स हे हवा न पोचण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट म्हणजे लांबी. पेटीत २५ फूट येतो, लागतो १६ फूट. उरलेला कापण्याऐवजी तसाच नागमोडी पडू देतात. न ताणलेल्या फ्लेक्सच्या आतल्या पाइपला चुण्या पडतात आणि हवेला होणारा अडथळा काही पटींनी वाढतो. तो सोडवून, ताणून, जादा तुकडा कापून पुन्हा जोडणं हे तासाभराचं काम. नव्या मशीनवर हजारो डॉलर घालण्याआधी हे करून घ्यावं, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

जोडाकडे दोन वेगळ्या पकडी दिसायला हव्यात: आतला पाइप कॉलरवर निदान एक इंच चढवून, टेप लावून, त्यावर पट्टा, मग इन्सुलेशन आणि आवरण पुढे ओढून त्यावर दुसरा पट्टा. नुसतं बाहेरचं आवरण बांधलेलं असेल तर आतला पाइप केव्हाच सुटलेला असू शकतो.

मापाबद्दल एवढंच: ६ इंची ऐवजी ८ इंची डक्ट घेतला तर आतलं क्षेत्रफळ जवळजवळ १.८ पट होतं. डोळ्यांना दोन इंचांचा फरक वाटतो, हवेला तो फार मोठा आहे.

आर-६ घ्यावं की आर-८?

नवीन काही घेत असाल तर आर-८. २०१५ च्या संहितेनुसार ॲटिकमधल्या ३ इंच किंवा त्याहून मोठ्या सप्लाय आणि रिटर्न डक्टना आर-८ लागतंच. वरच्या हिशेबात आर-६ चं आर-८ केलं तर भिंतीतून येणारी उष्णता पाव हिश्शाने घटते. पण चांगल्या स्थितीतला, न गळणारा आर-६ डक्ट फक्त यासाठी उपटून काढू नका. त्या पैशात सील करणं आणि सीलिंगचं इन्सुलेशन वाढवणं जास्त उपयोगाचं.

पत्र्यावर गुंडाळताना रॅप घट्ट आवळू नये. दाबलेल्या गोधडीत ऊब राहत नाही, तसंच इथेही. जाडी गेली की आर-किंमत गेली.

डक्टला बाहेरून घाम येतो, सीलिंगवर डाग पडलेत. छप्पर गळतंय का?

डाग जाळीभोवतीच असेल आणि पावसाशी त्याचा संबंध दिसत नसेल, तर बहुधा छप्पर नव्हे, दव आहे. ह्यूस्टनमध्ये उन्हाळ्यात हवेचा दवबिंदू ७५ अंशांपर्यंत जातो. त्याहून थंड पृष्ठभागावर पाणी जमणारच. इन्सुलेशन न केलेला बूट, फाटलेलं आवरण, एकमेकांना चिकटून दाबले गेलेले दोन डक्ट, या तीन जागा आधी बघा. बूट ड्रायवॉलला सील करायचा, वरून गुंडाळायचा, आवरणाच्या चिरा फॉइल टेपने बंद करायच्या आणि डक्ट एकमेकांपासून सुटे टांगायचे. बाथरूमचा पंखा ॲटिकमध्येच हवा सोडत असेल तर तोही बाहेर काढा.

ॲटिकमध्ये ब्लोन-इन (फुंकून पसरायचं सुटं) इन्सुलेशन टाकतोच आहोत. डक्ट त्याखालीच पुरले तर?

कल्पना चांगली आहे, संहितेने २०१८ पासून तिचे नियमही घातले. डक्टचं स्वतःचं आर-८ हवं, आणि त्याच्या वर-खाली मिळून आणखी आर-१९. मात्र १ए, २ए, ३ए या दमट हवामान विभागांत पूर्ण पुरलेल्या सप्लाय डक्टचं स्वतःचं इन्सुलेशन आर-१३ लागतं, वर बाष्परोधक आवरण. मायामी, ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलस, अटलांटा सगळी यातच येतात. कारण पुरलेल्या डक्टचं बाहेरचं आवरण ॲटिकच्या उष्णतेपासून तुटतं, थंड राहतं, आणि इन्सुलेशनमधून झिरपलेली दमट हवा तिथे पाणी होते. फीनिक्स कोरडं, तिथे हा धोका कमी. पुरण्याआधी सील करून मोजणी झालीच पाहिजे. नंतर तो जोड कोणी उकरणार नाही.

स्प्रे फोम मारून अख्खं ॲटिकच घराच्या आत घेतलं तर?

मग डक्ट ८० अंशांच्या आसपासच्या हवेत राहतात आणि वरचा बराचसा प्रश्नच मिटतो. खर्च मोठा. तिथे साधा गॅस फर्नेस किंवा वॉटर हीटर असेल तर तो ॲटिकमधून हवा घेऊ शकणार नाही, बंदिस्त ज्वलनाचा, म्हणजे हवा बाहेरून घेणारा, बसवावा लागेल. दमट भागात अशा ॲटिकमध्ये थोडी सप्लाय हवा किंवा डीह्युमिडिफायर द्यावा लागतो, नाहीतर छपराच्या लाकडाशी ओल साठते.

आम्ही न्यू जर्सीत. इथे उन्हाळा लहान, मग कशाला चिंता?

हिवाळ्यासाठी. गॅस फर्नेसची हवा १२० अंश, ॲटिक २० अंश, म्हणजे फरक १०० अंशांचा. टेक्सासच्या दुपारपेक्षाही जास्त. शिवाय डक्टमधून निसटलेली ऊब छप्पर खालून तापवते, बर्फ वितळतो, पाणी कडेला जाऊन पुन्हा गोठतं आणि त्या बर्फाच्या बांधामागे तुंबलेलं पाणी शिंगल्सखाली शिरतं. गॅसवरून हीट पंपवर जाणार असाल तर डक्ट आधी दुरुस्त करा. हीट पंपची हवा मुळातच ९० ते १०० अंशांची, तिच्यातून वाटेत दहा अंश गेले तर जाळीखाली बसलेल्याला ती गार लागते.

रिकाम्या खोल्यांचे व्हेंट बंद केले तर बिल कमी होईल ना?

होत नाही. डक्टमधला दाब वाढतो, उरलेल्या फटींतून जास्त हवा गळते आणि ब्लोअरवर ताण येतो. उघडे ठेवा.

फोडणीचा वास बेडरूमपर्यंत जातो. यात डक्टचा हात आहे का?

रिटर्नची मोठी जाळी किचनजवळ असेल तर आहे. ती फोडणीचा धूर ओढते आणि सगळ्या खोल्यांत वाटते. उपाय रिटर्नवर नसून शेगडीवरच्या हूडवर आहे: हूडची हवा घराबाहेर जायला हवी. अनेक घरांत हूड हवा गाळून पुन्हा किचनमध्येच सोडतो. काही ठिकाणी त्याचा पाइप ॲटिकमध्येच उघडा सोडलेला सापडतो. तेलकट वाफ तिथे साचणं हा आगीचा धोका आहे, ते लगेच दुरुस्त करा. हूडसाठी फ्लेक्स वापरू नका, गुळगुळीत पत्र्याचाच पाइप घ्या.

घर १९६० च्या दशकातलं आहे. काही वेगळी काळजी?

डक्टच्या जोडांवर पांढरट, कागदी किंवा कापडी पट्टी दिसली तर तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. ॲटिकच्या जमिनीवर करड्या-सोनेरी खड्यांसारखं इन्सुलेशन असेल तर ते व्हर्मिक्युलाइट. पर्यावरण संरक्षण संस्था त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालायला सांगते. सोलू नका, झाडू नका, व्हॅक्यूम करू नका. प्रशिक्षित माणसाकडून तपासून घेईपर्यंत वर जाणंच टाळा.

स्वतः किती करता येईल?

बूट सील करणं, दिसणाऱ्या जोडांना मॅस्टिक लावणं, फ्लेक्सला पट्टे देणं, हे हौशी माणसाला जमतं. उन्हाळ्यात पहाटेच जा, उष्माघात ॲटिकमध्ये फार लवकर होतो, आणि एकटे जाऊ नका. पाय फक्त जॉइस्टवर. एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. प्लेनम बदलणं, नवा रिटर्न काढणं, गॅसच्या उपकरणाजवळचं काही, हे परवानाधारक माणसाचं काम.

कॉन्ट्रॅक्टरला काय विचारू?

मॅन्युअल जे म्हणजे खोलीनिहाय लोडचा हिशेब, मॅन्युअल एस म्हणजे मशीनची निवड, मॅन्युअल डी म्हणजे डक्टची मापं. तिन्हींचे कागद मागा. "इतक्या चौरस फुटांना इतके टन" असं तोंडी उत्तर आलं तर दुसऱ्याकडे जा. सध्याचा स्टॅटिक प्रेशर (ब्लोअरवर येणारा डक्टमधला दाब) मोजून दाखवा म्हणा. बरीच उपकरणं ०.५ इंच पाण्याच्या दाबासाठी बनवलेली असतात आणि चिंबलेल्या डक्टवर तो आकडा सहज ओलांडला जातो. नवं घर बांधून घेत असाल तर बिल्डरला पहिला प्रश्न हा विचारा की डक्ट ॲटिकऐवजी मजल्यांच्या मध्ये किंवा खाली घेतलेल्या सीलिंगमध्ये नेता येतील का. ड्रायवॉल लागण्याआधी स्वतः जाऊन सगळ्या डक्टचे फोटो काढून ठेवा.

सरकारी सवलत मिळते का?

इन्सुलेशन आणि हवेच्या फटी सील करण्यावरची फेडरल २५सी कर-सवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या कामाला मिळत नाही. वीज कंपन्या आणि काही राज्यं डक्ट सील करण्यावर रिबेट देतात. तुमच्या वीज कंपनीच्या संकेतस्थळावर काम सुरू होण्याआधीच बघा, कारण पुष्कळदा आधीची मोजणी ही अट असते.

एकाच खोलीचा त्रास आहे. तिथे मिनी-स्प्लिट (डक्टशिवाय चालणारा भिंतीवरचा एसी) लावला तर?

गॅरेजवरची खोली किंवा नंतर वाढवलेली खोली असेल तर तो चांगला मार्ग आहे. तिथपर्यंत लांबलचक डक्ट ओढण्यापेक्षा स्वस्त पडतो आणि वाटेत काही वाया जात नाही. त्या खोलीचा जुना फाटा मात्र प्लेनमपाशीच टोपी लावून मॅस्टिकने बंद करून घ्या, आणि बाकीच्या खोल्यांत आता किती हवा येते ते पुन्हा मोजायला सांगा.